रात्र थोडी, सोंगे फार : डिझायनरांच्या हॅलोविन पोशाखांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील कार्यालयांत ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उजाडला की डिझाइन विभागाच्या सामायिक कॅलेंडरवर 'कॉस्च्युम घालून या' असे निमंत्रण येते. त्यानंतर चार-आठ दिवस आपल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. चेटकीण, सांगाडा, रक्तपिपासू सरदार हे सगळे बाजारात तयार मिळते. परंतु ज्या विभागात बारा महिने बटणाच्या कोपऱ्यांवरून वाद होतात, तिथे आपल्याच कामाची चेष्टा करणारे सोंग अधिक रंगते, असा माझा अनुभव आहे. त्या फोनवर वर्षानुवर्षे विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

डिझाइनच्या कामाचे सोंग आणायचे म्हणजे नेमके काय करायचे?

बहुतेक जण काळा बंद गळ्याचा स्वेटर आणि जाड काड्यांचा चष्मा घालून 'मी डिझायनर आहे' असे सांगतात. त्यात सोंग काहीच नाही, कारण निम्मा विभाग रोज तसाच येतो. चेष्टा करायची ती त्या पदावरील माणसाला ज्या अडचणीशी रोज झटावे लागते तिची. रिसर्चरचे चिकटकागद, ग्राफिक डिझायनरच्या न संपणाऱ्या फायली, टायपोग्राफरची अक्षरांमधल्या अंतराबद्दलची बारीक नजर, अशी एकच गोष्ट उचलावी आणि ती अंगावर चढेल इतकी वाढवावी. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पाहताक्षणी हसू आले आणि लेखा विभागातील माणसाने 'हे काय आहे?' असे विचारले, तर पोशाख जमला असे समजावे. दोघेही हसले तर तो बहुधा बाजारातून आणलेला असतो.

हॅलोविन ३१ ऑक्टोबरलाच का असते, आणि दिवाळी त्याच दिवसांत आली तर काय करावे?

१ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस आहे. त्याच्या आदल्या संध्याकाळच्या इंग्रजी नावाचे आखूड रूप म्हणजे हॅलोविन. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील 'साउइन' या सुगी संपतानाच्या सणाशी त्याचा संबंध जोडला जातो. तिकडे सलगम कोरून दिवे करीत असत. अमेरिकेत स्थलांतरितांना भोपळा हाताशी सापडला आणि तोच रूढ झाला. तारखा एकमेकींवर येतात हे खरे आहे. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती, त्यामुळे आमच्याकडे पहाटे उटणे आणि दुपारी सोंग असा दिवस गेला. माझा एक गोव्याचा सहकारी त्या दिवशी म्हणाला होता की आदल्या रात्री नरकासुराच्या अवाढव्य प्रतिमा उभ्या करून पहाटे त्या जाळणाऱ्या माणसांना अमेरिकेने भुतांचे अप्रूप सांगू नये. ते मला पटले.

मी यूएक्स रिसर्चर, म्हणजे लोक ॲप आणि संकेतस्थळे कशी वापरतात याचा अभ्यास करणारा, आहे. चिकटकागदांचा कोट करावा असे वाटते. तो टिकेल का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर 'जसेच्या तसे चिकटवले तर अजिबात नाही' असे आहे. ही फजिती मी स्वतः करून घेतली आहे. जुन्या रेनकोटावर पिवळे, गुलाबी आणि हिरवे मिळून दोनशेच्या आसपास चिकटकागद लावून मी घरून निघालो. गाडीतून उतरून तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत अंगावर जेमतेम साठ उरले होते. जिन्यातून माझ्या मागून येणाऱ्या एका भल्या गृहस्थाने 'वापरकर्ता इथे गोंधळला' असे लिहिलेला एक कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि हे कोणाचे आहे अशी गंभीरपणे चौकशी केली.

दोष कागदाचा नव्हता. थ्रीएम कंपनीतील स्पेन्सर सिल्व्हर १९६८ मध्ये अतिशय घट्ट चिकटणारा गोंद तयार करण्याच्या खटपटीत होते आणि हाती आला तो सहज सुटणारा गोंद. त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना चर्चमधील भजनांच्या पुस्तकातून खुणेचे कागद गळून पडण्याचा त्रास होता, त्यावर त्यांनी हा गोंद वापरला. १९८० मध्ये हे कागद अमेरिकेत सर्वत्र विक्रीस आले. जी वस्तू मुळात सुटण्यासाठीच बनलेली आहे तिच्याकडून कोटाची अपेक्षा करू नये. उपाय असा की कागदांची वरची कड एकावर एक कौलांसारखी येऊ द्यावी आणि प्रत्येक ओळीवर सुई-दोऱ्याने एक धावदोरा घालावा. स्टेपलरही चालतो, मात्र पिनांची टोके आतून बोचतात, म्हणून खाली जाड बनियन हवे.

कागदांवर काय लिहायचे ते मनाने रचावे. खऱ्या मुलाखतींतील लोकांची वाक्ये उतरवू नयेत. त्यांनी ती गोपनीयतेच्या हमीवर दिलेली असतात. सोंग पुढे न्यायचे असेल तर एका हाताच्या पाच बोटांवर पाच छोट्या बाहुल्या चढवाव्यात. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० मध्ये लिहिले की चाचणीसाठी पाच वापरकर्ते पुरेसे असतात, आणि तेव्हापासून हा पाचाचा आकडा बैठकांत शास्त्रवचनासारखा फेकला जातो. कोणीही काही विचारले, अगदी 'जेवायला येतोस का' असे विचारले, तरी बाहुल्यांकडे वळून क्षणभर कुजबुज करावी आणि मग 'इट डिपेंड्स' एवढेच उत्तर द्यावे.

ग्राफिक डिझायनरसाठी काय शोभेल?

येथे पर्याय इतके आहेत की निवडणेच अवघड जाते. माझ्या आवडीचे सोंग म्हणजे 'फायनल' फाइलचे भूत. पांढरी चादर पांघरावी, डोळ्यांना भोके पाडावीत आणि छातीवर 'फायनल' अशी पट्टी लावावी. तिच्याखाली 'फायनल २', तिच्याखाली 'फायनल नक्की', मग 'फायनल खरंच शेवटचे', मग 'साहेबांनी पाहिलेले फायनल' अशा पट्ट्या पायापर्यंत उतरत जाव्यात. आपल्याकडे इच्छा अपुरी राहिली की जीव घुटमळतो असे म्हणतात. या फायलीला मंजुरी न मिळाल्यामुळे मुक्ती नाही, एवढे एका वाक्यात सांगितले की अमेरिकी सहकाऱ्यांनाही ते पटते.

दुसरे सोंग दिवसभर वाढत जाणारे आहे. सकाळी दहा वाजता शर्टावर रुपयाच्या नाण्याएवढा लोगो लावून यावे. जेवणाच्या सुट्टीत तो काढून बशीएवढा लावावा, आणि चार वाजता ताटाएवढा पुठ्ठा गळ्यात अडकवून बैठकीत बसावे. 'लोगो जरा मोठा करा' ही ग्राहकाची मागणी न ऐकलेला डिझायनर मी अजून पाहिलेला नाही. 'याला थोडे पॉप करा' या मागणीसाठी शर्टावर मक्याच्या लाह्या चिकटवणारेही आहेत. कल्पना छान आहे, पण दुपारपर्यंत लोक त्या खातात.

करड्या-पांढऱ्या चौकटींचा शर्ट आणि तशीच पँट मिळाली तर तिसरे सोंग आयतेच होते. प्रतिमेची पार्श्वभूमी पारदर्शक आहे हे संगणकावर अशाच चौकटींनी दाखवतात. आपण दिसतच नाही अशा थाटात वावरावे, आणि कोणी हाक मारली तर दचकावे. पाठीवर 'डाउनलोड केल्यावरही चौकटी तशाच राहिल्या' असे लिहिले, तर ज्यांनी इंटरनेटवरून अशी फसवी चित्रे उतरवली आहेत ते गळ्यात पडतात.

रंगाच्या नमुन्याची चौकोनी पट्टी होऊन येणे मात्र आता शिळे झाले आहे. रंगांचे प्रमाणित नमुने बनवणाऱ्या पॅन्टोन कंपनीची रंगजुळणीची पद्धत १९६३ पासून आहे आणि वर्षाचा रंग जाहीर करण्याची प्रथा २००० पासून. तेवढ्या काळात प्रत्येक विभागात कोणी ना कोणी ते करून झालेले असते.

टायपोग्राफीवर काही सुचवाल का? आम्ही दोघे आहोत.

दोघे असाल तर हेल्वेटिका आणि एरियल हे दोन एकसारखे दिसणारे फॉन्ट व्हा. पाहणाऱ्याने दोघांतला फरक शोधत बसावे, हीच या सोंगाची गंमत आहे, म्हणून कपडे शक्य तितके सारखे हवेत. हेल्वेटिका हा टाइप माक्स मीडिंगर यांनी एडुआर्ड हॉफमान यांच्या देखरेखीखाली १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीसाठी आखला. एरियल मोनोटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीत रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी १९८२ मध्ये तयार केला, आणि त्यातील अक्षरांच्या रुंदी हेल्वेटिकाशी जुळवून ठेवल्या, जेणेकरून एकाच्या जागी दुसरा बसवला तरी ओळी हलू नयेत. म्हणून दोघांनी एकाच मापाचे करडे शर्ट घालावेत. फरक अक्षरांच्या टोकांत आहे : हेल्वेटिकाची टोके बहुतेक आडवी आणि सरळ कापलेली असतात, तर एरियलची तिरकी. तेव्हा हेल्वेटिकाच्या पँटच्या मोहऱ्या आणि बाह्या सरळ दुमडाव्यात व एरियलच्या कात्रीने तिरप्या कापाव्यात. नीट बसावे म्हणून इस्त्री करायला विसरू नये. चुरगळलेला हेल्वेटिका कोणी मान्य करणार नाही. एरियलने दिवसभर 'मी तोच आहे' असे सांगत राहावे, आणि हेल्वेटिकाने काहीही न बोलता बघावे.

एकट्यासाठी कॉमिक सॅन्स या फॉन्टचे कुत्रे आहे. मायक्रोसॉफ्टमधील व्हिन्सेंट कॉनेर यांनी एका प्रोग्रॅमच्या चाचणी-आवृत्तीत चित्रातला कुत्रा टाइम्स न्यू रोमन अक्षरांत बोलताना पाहिला, ते त्यांना विसंगत वाटले, आणि त्यातून १९९४ मध्ये कॉमिक सॅन्स जन्माला आला. कुत्र्याचे कान, त्यावर कडक कॉलर व टाय, आणि काठीला लावलेला बोलण्याचा फुगा एवढे पुरेसे आहे. फुग्यातील मजकूर अतिशय औपचारिक असावा.

देवनागरीवर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांचे दुःख कोणी मांडले आहे का?

हे आम्ही पाच जणांनी मिळून एकदा केले होते आणि ते मला अजूनही सर्वांत आवडते. ज्याने डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर ओतला आहे त्याला माहीत आहे की भारतीय लिप्यांसाठीची योग्य व्यवस्था निवडली नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन उभी राहते, जोडाक्षरे फुटून मध्ये पाय मोडलेले दिसतात आणि रफार भलत्याच अक्षरावर बसतो. आम्ही 'हॅलोविन' हाच शब्द घेतला. चौघांनी गळ्यात 'हॅ', 'लो', 'व', 'न' असे पुठ्ठे अडकवले आणि पाचवा वेलांटी झाला. त्याच्या हातात मूठ वर धरलेली छत्री होती. बाकदार मुठीची मिटलेली छत्री उभी धरली की पहिल्या वेलांटीचे रूप हुबेहूब येते. कोणी फोटो काढायला आले की तो धावत जाऊन 'व' आणि 'न' यांच्यामध्ये उभा राहायचा, आम्ही त्याला ओढून 'व'च्या अलीकडे आणायचो, आणि पाठ वळताच तो पुन्हा पलीकडे. पाहणाऱ्या अमेरिकी मंडळींना अक्षरे कळली नाहीत, पण एक जण सारखा चुकीच्या जागी जातो आहे हे बरोबर कळले.

मोठा गट असेल तर एकाने कमरेला ठिपके चिकटवलेले हूला-हूप लावून 'आधाराशिवाय आलेली मात्रा' व्हावे. एकट्या पडलेल्या मात्रेभोवती संगणक असेच ठिपक्यांचे वर्तुळ काढतो. साधेसुधे कपडे घालून 'मी मंगल' असे सांगणाराही एक असावा. र. कृ. जोशी यांच्या हातून उतरलेला हा फॉन्ट विंडोजमधून घराघरांत पोहोचला, आणि इतका रोजचा झाला की त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. ते पाहून त्याने थोडे खंतावावे, मात्र रडू नये.

प्रॉडक्ट डिझायनरच्या पदावर बोचरी चेष्टा हवी आहे.

मग फसव्या रचनांचे, म्हणजे डार्क पॅटर्नचे सोंग आणा. हे नाव हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये दिले. छातीवर भडक हिरव्या रंगाचे, सपाट हातभर रुंद 'होय, मला गोळ्या हव्यात' असे बटण लावावे. त्याच्याखाली फिकट करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत 'नको, मला आनंदाची ॲलर्जी आहे' असे लिहावे. हातात गोळ्यांची परडी ठेवावी आणि गोळी घेणाऱ्याला 'आपण आता माझ्या साप्ताहिक पत्रकाचे सदस्य झाला आहात' असे सांगावे. सदस्यत्व रद्द करण्याचे बटण डाव्या बुटाच्या तळाला चिकटवावे. कोणी मागितले तर आधी उजवा बूट दाखवावा, मग 'आम्हाला सोडून का जाता?' असे विचारावे, आणि मग फोन करायला सांगावे. 'ट्रिक ऑर ट्रीट'मधील ट्रिकला याहून योग्य पोशाख मला सुचलेला नाही.

यूएक्स रायटर किंवा कंटेंट डिझायनरसाठी?

लोरेम इप्सम. भुतासाठी घेतलेलीच पांढरी चादर रोमन पद्धतीने खांद्यावरून घ्यावी आणि तिच्यावर तो मजकूर छापावा. हा भरताड मजकूर सिसेरोच्या इ. स. पूर्व ४५ मधील नीतिविषयक लेखनातून तोडून-मोडून आलेला आहे. 'लोरेम' असा लॅटिन शब्दच नाही. तो 'डोलोरेम' या शब्दाचा उरलेला भाग आहे, आणि डोलोरेमचा अर्थ वेदना. मजकूर येण्याआधीच ज्यांच्यासाठी चौकट आखून ठेवलेली असते, त्या लेखकांना हे सांगितले की ते फार वेळ शांत बसतात. छातीवर 'मजकूर नंतर येईल' अशी पाटी लावून वर्षअखेरीपर्यंत ती काढू नये.

सुलभतेवर म्हणजे ॲक्सेसिबिलिटीवर विनोद करावा का?

अपंगत्वावर करू नये. डोळ्यांवर पट्टी, काठी, चाकाची खुर्ची यांपैकी काहीही सोंगात आणू नये. सुलभतेकडे दुर्लक्ष करणाऱ्या डिझायनरवर मात्र खुशाल करावा. पांढऱ्या शर्टावर फिकट करड्या, बारीक अक्षरांत भलामोठा मजकूर लिहावा आणि लोक जवळ येऊन डोळे बारीक करू लागले की 'पण हे किती स्वच्छ दिसते' असे म्हणावे. साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उठावाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे असे आंतरराष्ट्रीय निर्देश आहेत, हा आकडा पाठीवर काळ्या ठळक अक्षरांत असावा, म्हणजे आपण पुढे गेल्यावरच तो वाचता येतो.

आमच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरचे सोंग आणले तर चालेल का?

पदाचे आणावे, माणसाचे आणू नये. त्यांचा स्कार्फ, त्यांची बोलण्याची लकब, त्यांचा उच्चार यांची नक्कल केली की तो विनोद राहत नाही, विशेषतः दिवाळीनंतर कामाचा वार्षिक आढावा व्हायचा असतो तेव्हा. पदासाठी एक सोपी युक्ती आहे : शर्टाऐवजी छापील कॅलेंडरची पाने जोडून अंगरखा करावा, प्रत्येक चौकोन बैठकांनी भरावा, आणि एकाच पंधरा मिनिटांच्या चौकोनात 'डिझाइन' असे लिहून त्यावर फुली मारावी. कनिष्ठांच्या चुका आणि नोकरकपात हे विषय कोणत्याही रूपात घेऊ नयेत.

संपूर्ण विभागाने मिळून काय करावे?

सर्वांनी एकच बटण व्हावे. निळा शर्ट सर्वांचा सारखा, अवस्था वेगवेगळ्या. एक साधा उभा. एक होव्हर, म्हणजे माउसचा बाण वर आणलेला, जो कोणी जवळ आले की भुवया उंचावतो. एक दाबलेला, जो सतत गुडघ्यांत वाकलेला. एक लोडिंग, जो कार्यालयातल्या फिरत्या खुर्चीवर गोल फिरत राहतो. आणि एक निष्क्रिय, जो करडे कपडे घालून सोफ्यावर पडून असतो व कोणत्याही कामाला प्रतिसाद देत नाही. निष्क्रियच्या जागेसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

नवरा-बायको दोघेही या क्षेत्रात आहोत. जोडीचे सोंग?

विक्रम आणि वेताळ. एकाने राजा म्हणजे डिझायनर व्हावे आणि पाठीवर उशीचा वेताळ बांधावा, ज्याच्या कपाळावर 'ग्राहक' लिहिलेले असेल. दुसऱ्याने मागून चालत त्याचा आवाज काढावा आणि सतत प्रश्न विचारावेत. राजाने मौन मोडले की वेताळ झाडावर परत जातो, म्हणजेच काम पहिल्या आराखड्यावर येते, म्हणून राजा कायम म्यूटवर असतो. न्यू जर्सीच्या मराठी घरांत हे फोड करून सांगावे लागत नाही. अमराठी कार्यालयात मात्र एक लहान फलक जोडावा.

खर्च किती करावा?

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. वरचे बहुतेक पोशाख एक जुनी चादर, पुठ्ठा, मार्कर आणि घरातला सुईदोरा यांत होतात. विकत आणायचेच असेल तर सेकंडहँड कपड्यांच्या दुकानात जावे, पण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच जावे. नंतर पांढऱ्या चादरी उरत नाहीत.

हाच पोशाख घालून संध्याकाळी दारावर येणाऱ्या मुलांना गोळ्या वाटल्या तर त्यांना कळेल का?

कळणार नाही, आणि त्यांना त्याची गरजही नसते. हेल्वेटिका झालेल्या माझ्या मित्राला शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीने 'तू शिपाई आहेस का?' असे विचारले होते. त्याने टाइपचा इतिहास सांगायला सुरुवात केली. तिने दोन चॉकलेटे उचलली आणि ती पुढच्या घराकडे निघून गेली. दारातल्या भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा, कारण कागदाचा कोट आणि लांब चादर दोन्ही लवकर पेट घेतात.

आज ३० तारीख आहे, रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि माझ्याकडे काहीच नाही.

एका पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत '४०४' (इंटरनेटवर पान सापडले नाही की दिसणारा आकडा) लिहावे, त्याखाली 'पोशाख सापडला नाही' असे लिहावे आणि तो शर्टाला टाचणीने लावावा. टाचणी नसेल तर चिकटकागदावर लिहून ठेवावे. तो जिन्यात पडला तरी सोंग बिघडत नाही.